जामीनदार

हंगामाचा सण आला की बर्णबाची आठवण निघते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत तरी हे ठरलेलं आहे. वेदीसमोर ज्वारीची कणसं, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली एखादी कोंबडी अशी मांडामांड असते. उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा असतो, आणि त्याआधी पाळकसाहेब बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय उघडतात. कुप्र म्हणजे सायप्रस बेटातला योसेफ नावाचा एक लेवी, मंदिरसेवा करणाऱ्या यहुदी वंशातला. प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे धीर देणारा, म्हणायला सुरुवात केली. त्याची जमीन होती, ती त्याने विकली आणि पैसे आणून प्रेषितांच्या पायांशी ठेवले. संदेशाचा रोख कुणीकडे आहे हे बाकांवर बसलेल्या सगळ्यांना कळतं. हात खिशाकडे जातात. त्यानंतर वर्षभर बर्णबाला सुट्टी.

मला हा त्या माणसावर अन्याय वाटतो. जमीन विकणं हे त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यांत सोपं काम असावं. पैसा एकदा देऊन टाकला की देणारा मोकळा होतो. पुढच्या दहा-अकरा अध्यायांत बर्णबाने जे जे केलं त्यात तो मोकळा झाला नाही, उलट अडकतच गेला. तरी त्या जमिनीचं एक सांगायला हवं. लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा येतात. तेही जमीन विकतात, काही रक्कम बाजूला काढून ठेवतात आणि सगळी दिल्याचं भासवतात. त्यांना बर्णबासारखं नाव हवं होतं, फक्त थोड्या कमी किमतीत. म्हणजे बर्णबाची त्या वेळी यरुशलेमेत चांगलीच पत होती. ती पत त्याने पुढे कशावर खर्च केली, ते बघण्यासारखं आहे.

शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेला परत आला तेव्हा त्याच्या जवळपास कुणी फिरकेना. आपण भक्तिभावाने वाचतो आणि शिष्य उगाच घाबरले असं समजतो. पण विश्वासासाठी मारल्या गेलेल्या स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं याच तरुणाच्या पायांशी ठेवली होती. घरोघर शिरून पुरुषांना आणि बायकांना ओढून तुरुंगात टाकणारा हाच. यरुशलेमेच्या त्या मंडळीत असं एखादं तरी घर असणारच, जिथलं माणूस शौलामुळे आत गेलं होतं. असा माणूस येऊन म्हणतो, मी आता तुमच्यातला झालो. कोण विश्वास ठेवेल? भीती रास्त होती. आत शिरून सगळ्यांची नावं काढून घ्यायचा हा डाव असता तर?

बर्णबाने त्याला बरोबर घेतलं आणि प्रेषितांकडे नेलं. याला वाटेत प्रभू कसा दिसला, दिमिष्कात, म्हणजे दमास्कसमध्ये, हा येशूच्या नावाने निर्भयपणे कसा बोलला, हे त्यानेच सांगितलं. शौल काय बोलला ते कृत्यांचं पुस्तक लिहिणाऱ्या लूकने तिथे नोंदवलेलं नाही. बोलतोय तो बर्णबा. आमच्याकडे पतसंस्थेतून कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. सही करणारा चहा पीत हसत सही करतो, पण त्याला पक्कं माहीत असतं की हप्ते थकले तर नोटीस आपल्या दारात येणार. बर्णबाची ही सही तशी होती. फक्त इथे थकलेला हप्ता म्हणजे कित्येक कुटुंबांची धरपकड झाली असती आणि त्याला कारण ठरला असता तो एकटा.

याच भेटीबद्दल पौलाने स्वतः गलतीकरांना लिहिलं आहे. मी तीन वर्षांनी यरुशलेमेला गेलो, केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस राहिलो, प्रभूचा भाऊ याकोब सोडला तर दुसरा कुणी प्रेषित मला भेटला नाही. बर्णबाचं नाव नाही. पत्राचा रोख पाहिला तर कारण समजतं: आपल्याला सुवार्ता कुणा माणसाकडून मिळालेली नाही हे तो तिथे ठासून सांगतोय, मग मला कुणीतरी हाताला धरून आत नेलं हे सांगायला ती जागा नव्हे. पौल खोटं बोलत नाहीये. पण ज्याच्यासाठी सही केली त्याच्या आत्मकथेत जामीनदाराचं नाव येतंच असं नाही. मंडळीत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे शौलाच्या जिवावर बेतलं, तेव्हा बंधूंनी त्याला कैसरियातून त्याच्या गावी, तार्साला पाठवलं. कथेच्या दृष्टीने तो तिथे संपलाच. बरीच वर्षं त्याचा पत्ता नाही.

दरम्यान अंत्युखियात काही वेगळंच घडत होतं. रोम आणि आलेक्सांद्रिया सोडलं तर रोमी साम्राज्यातलं हे सगळ्यांत मोठं शहर, यरुशलेमेपासून सुमारे ५०० किलोमीटर उत्तरेला. छळामुळे पांगलेले कुप्र आणि कुरेने इथले काही जण तिथे पोचले आणि यहुदी नसलेल्यांनाही येशूविषयी सांगू लागले. त्यांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांनी कुणाची परवानगी घेतलेली नव्हती. लोक मात्र झपाट्याने विश्वास ठेवू लागले. यरुशलेमेला बातमी लागली आणि चौकशीला बर्णबा रवाना झाला.

मुख्यालयातून तपासणीला आलेला माणूस कसा वागतो ते आपण पाहिलेलं असतं. बसल्या बसल्या चार चुका काढल्याशिवाय आपण आल्याचं सार्थक झालं असं त्याला वाटत नाही. इथे तर चुका काढायला भरपूर वाव होता. सुंता नाही, नियमशास्त्र माहीत नाही, काल-परवापर्यंत मूर्तींना नैवेद्य दाखवणारी माणसं. लूक म्हणतो, बर्णबाने देवाची कृपा पाहिली आणि त्याला आनंद झाला. मग तो अहवाल घेऊन परत गेला नाही, तिथेच राहिला. आणि काम वाढलेलं दिसताच त्याने जे केलं, ते माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. तो सुमारे २०० किलोमीटरवरच्या तार्साला गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला.

याची गरज नव्हती. अंत्युखियात त्याचं चांगलं चाललं होतं, लोक त्याला मानत होते. शिवाय हाताशी कुणी हवंच होतं तर यरुशलेमेतून एखादा शांत, जुना, सोयीचा माणूस मागवता आला असता. त्याने बोलावला तो आपल्यापेक्षा जास्त शिकलेला, जास्त तिखट, गमलिएल या थोर यहुदी गुरूच्या पायांशी बसलेला माणूस. हा आला की आपण दुसऱ्या क्रमांकावर जाणार, हे बर्णबाला कळत नसेल असं मला वाटत नाही. दोघांनी वर्षभर तिथे शिकवलं, आणि येशूच्या शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा त्याच शहरात पडलं.

क्रमांकाची गोष्ट लूकने किती बारकाईने टिपली आहे! अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून ज्यांना पाठवलं ते 'बर्णबा आणि शौल'. आधी कुप्र, म्हणजे बर्णबाचं स्वतःचं बेट. सलमीनपासून पफेपर्यंत. तिथे रोमी सुभेदार सिर्ग्य पौल याच्यासमोर अलीम नावाचा जादूगार आडवा आला आणि शौलाने त्याला सर्वांसमक्ष सुनावलं. त्याच प्रसंगापासून लूक त्याला पौल म्हणू लागतो, आणि जहाज पफेहून निघतं तेव्हा वाक्य आहे, 'पौल व त्याचे सोबती'. बर्णबा सोबत्यांत जमा! त्यानंतर बहुतेक ठिकाणी आधी पौल. पुढे यरुशलेमेत भरलेल्या प्रेषितांच्या सभेत मात्र पुन्हा 'बर्णबा आणि पौल', कारण त्या गावात अजून बर्णबालाच जास्त ओळखत होते. नाव पुढे-मागे झालं म्हणून तो काही बोलल्याची नोंद नाही. आमच्याकडे निमंत्रणपत्रिकेवर नावांचा क्रम चुकला म्हणून दोन वडील वर्षभर एका बाकावर बसले नव्हते.

लुस्त्रात तर गंमतच झाली. जन्मापासून पांगळा असलेला माणूस चालू लागला तेव्हा गावकरी आपल्या लुकवनी भाषेत ओरडले की देव माणसांच्या रूपाने उतरले आहेत. बर्णबाला त्यांनी झ्यूस ठरवलं आणि पौलाला हर्मीस, कारण बोलायचं काम पौल करत होता. झ्यूस म्हणजे देवांचा राजा. हर्मीस त्याचा निरोप्या. त्या मुलखात एक जुनी कथाही होती, की हे दोघे देव वेष पालटून आले, कुणी त्यांना दारात उभं केलं नाही, एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याने तेवढं घरात घेतलं आणि बाकीचा गाव बुडाला. त्यामुळे या खेपेला चूक नको म्हणून पुजारी बैल आणि हार घेऊन आला असेल. दोघांनी कपडे फाडले, गर्दीत घुसले, आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत म्हणून ओरडले. थोड्याच काळात बाहेरगावच्या विरोधकांनी येऊन त्याच गर्दीला फिरवलं आणि पौलाला दगडमार झाली. मेला समजून गावाबाहेर ओढून टाकला. तो उठला, परत गावात गेला आणि दुसऱ्या दिवशी बर्णबाबरोबर दर्बेला निघाला. दर्बेहून डोंगर ओलांडून तार्सामार्गे घरी जाता आलं असतं. पण ते आल्या वाटेने उलटे फिरले: लुस्त्र, इकुन्य, पिसिदियातलं (म्हणजे दुसरं) अंत्युखिया. जिथे जिथे मार खाल्ला, त्या त्या गावातल्या नव्या विश्वासणाऱ्यांना धीर द्यायला.

इथपर्यंत बर्णबा फारच गोड वाटतो. मला तो खरा वाटू लागतो तो पंगतीच्या प्रसंगात.

अंत्युखियात यहुदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत. पेत्र तिथे आला तेव्हा तोही त्यांच्यात बसून जेवला. मग याकोबाकडून काही माणसं आली, आणि पेत्र हळूहळू मागे सरकला, वेगळा बसू लागला. बाकीचे यहुदी त्याच्यामागे गेले. पौल लिहितो, बर्णबासुद्धा त्यांच्या ढोंगात ओढला गेला. त्या 'सुद्धा'मध्ये पौलाचं सगळं दुःख आहे. ज्याने ही मंडळी वाढवली, ज्याने या लोकांना पाहून आनंद केला होता, तोच त्यांच्या पानावरून उठला.

पानावरून उठणं म्हणजे काय, हे मराठी ख्रिस्ती घरांना समजावून सांगावं लागत नाही. आमच्या मंडळ्या वेगवेगळ्या जातींतून आल्या, आणि प्रभुभोजनाचा प्याला एक असूनही लग्नाच्या पंगती बरेच दिवस एक नव्हत्या. लक्ष्मीबाई टिळकांना नवऱ्यामागून ख्रिस्ती होण्याच्या वाटेवर सोवळंओवळं सोडताना किती झगडावं लागलं, ते त्यांनीच मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

बर्णबा का उठला असेल? तो भित्रा नव्हता; भित्रा माणूस लुस्त्राला परत जात नाही. मला वाटतं, तो ज्या गुणामुळे बर्णबा होता त्याच गुणाने त्याला इथे पाडलं. समोरच्याला दुखवायचं नाही, जो आला आहे त्याला सांभाळून घ्यायचं. यरुशलेमेहून आलेली माणसंही त्याचीच होती. त्यांना सांभाळता सांभाळता त्याने पाठ फिरवली ती नेमकी दुबळ्यांकडे. सगळ्यांशी गोड राहणाऱ्या माणसाला एक दिवस कुणाच्या शेजारी बसायचं ते ठरवावंच लागतं. अशा वेळी पौलासारखा तोंडावर बोलणारा माणूस लागतो. पौलासारखी माणसं नकोशी वाटतात, आणि त्यांच्यावाचून मंडळ्या कुजतात.

आणि मग ते भांडण. पहिल्या प्रवासात मार्क म्हटलेला योहान त्यांच्याबरोबर होता. यरुशलेमेतल्या चांगल्या घरातला मुलगा. त्याची आई मरीया हिच्या घरी मंडळी प्रार्थनेला जमत असे, दाराला मोलकरीण होती. बर्णबाचा तो नात्याने भाऊ. कुप्र संपवून जहाज पंफुल्यातल्या पिर्गाला लागलं आणि पोरगा घरी निघून गेला. पुढे तौरस पर्वताची चढण होती, हजार मीटरहून उंचावरची गावं होती, वाटमारीसाठी बदनाम मुलूख होता. लूक कारण सांगत नाही. काही वर्षांनी पौल म्हणाला, चला, त्या मंडळ्या पुन्हा पाहून येऊ. बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ. पौल म्हणाला, अर्ध्यातून पळालेल्याला नाही. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. पौल सीलाला घेऊन सुरिया-किलिकियाच्या वाटेला लागला.

यावर संदेश ऐकला की हमखास एक वाक्य येतं: पाहा, देवाने एका तुकडीच्या दोन तुकड्या केल्या! हिशेब चोख आहे, पण त्याने माझं समाधान होत नाही. लूकने तिथे देवाचं नाव घेतलेलं नाही, आत्म्याने सांगितलं असंही लिहिलेलं नाही. दोन चांगली माणसं भांडली आणि वेगळी झाली, एवढंच. पौल चुकला असंही मला म्हणवत नाही. डोंगरात दगड पडत असताना शेजारचा माणूस टिकेल की नाही, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने जिवाचा होता. पण हेही खरं की यरुशलेमेत एकदा शौलाबद्दल अगदी हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि त्या दिवशी उत्तर बर्णबाने दिलं होतं.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत, निवृत्त परिचारिका. भजनात तबला वाजवणारा एक मुलगा दारूला लागला, त्याने मंडळीची पेटी परस्पर गहाण टाकली आणि गायब झाला. वर्ष-दीड वर्षाने सुधारून परत आला. कमिटीत त्याला पुन्हा घ्यायला कुणी तयार नव्हतं. मावशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, मी आहे त्याच्या मागे. घेतला. छान वाजवत होता, शब्बाथशाळेतल्या पोरांना शिकवत होता. आणि पुन्हा एक दिवस निघून गेला, तो परत आला नाही. कमिटीतल्या एकांनी मावशींना गाठून सुनावलं, "बघा, आम्ही तेव्हाच सांगत होतो." मावशी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगत होता तेव्हा तो शुद्धीवर होता."

मार्कची गोष्ट आपल्याला सोपी वाटते कारण शेवट ठाऊक आहे. तोच मार्क पुढे पेत्राजवळ राहिला, पेत्राने त्याला आपला मुलगा म्हटलं, आणि फार जुन्या परंपरेप्रमाणे दुसरं शुभवर्तमान त्याचं. म्हणून आपण बर्णबाला शंभर टक्के देऊन टाकतो. पण कुप्राच्या जहाजात चढताना बर्णबाच्या हाती यातलं काही नव्हतं. त्याच्या हाती होता एक पळपुटा पोरगा, आणि मागे राहिली होती त्याच्या हयातीतली सगळ्यांत मोठी मैत्री. मार्क कुप्रातूनही पळाला असता तर बर्णबाचा निर्णय कमी बरोबर ठरला असता का? मावशींकडे पाहिल्यावर मला तसं म्हणता येत नाही.

त्या जहाजाबरोबर बर्णबा कृत्यांच्या पुस्तकातून जातो तो कायमचा. त्याने लिहिलेली एक ओळ आपल्याकडे नाही. त्याच्या नावावर खपवलेलं मात्र बरंच आहे: दुसऱ्या शतकाच्या आसपासचं एक पत्र, यहुद्यांविषयी इतक्या कडू भाषेत लिहिलेलं की ते या माणसाचं असणं शक्य नाही, आणि मध्ययुगाच्या अखेरीस कुणीतरी रचलेलं एक 'शुभवर्तमान'.

कुप्राची परंपरा म्हणते की सलमीनमध्येच त्याला मारलं आणि मार्कने त्याला पुरलं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियाची मंडळी कुप्रावर हक्क सांगू लागली, तेव्हा कुप्राचा आर्चबिशप अँथेमिऑस याला स्वप्नात दृष्टांत झाला आणि एका झाडाखाली बर्णबाची कबर सापडली, छातीवर मत्तयाचं शुभवर्तमान ठेवलेली. ते शुभवर्तमान सम्राट झीनोकडे गेलं आणि कुप्राची मंडळी स्वतंत्र राहिली. वर आर्चबिशपला मान मिळाले: जांभळा झगा, राजदंड आणि लाल शाईने सही करण्याचा हक्क. ती लाल सही आजही चालते. जन्मभर दुसऱ्याला पुढे करणाऱ्या माणसाच्या हाडांवरून मानापमानाचा खटला जिंकला गेला, याचं मला हसू येतं. आणि खटला कुणाविरुद्ध, तर अंत्युखियाविरुद्ध!

पौलाचं आणि त्याचं पुढे काय झालं? फुटलेल्या मैत्रीचे तुकडे पत्रांतून शोधावे लागतात. भांडणाला काही वर्षं झाल्यावर पौल करिंथकरांना लिहितो: काम न करता मंडळीच्या खर्चाने राहायचा अधिकार काय तो बर्णबाला आणि मलाच नाही? चिडलेलं वाक्य आहे, पण चीड दुसऱ्यांवर आहे. बर्णबाला त्याने आपल्या बाजूला उभं केलंय, हाताने कमावून खाणारे आम्ही दोघे म्हणून.

आणि मग कलस्सैकरांचं पत्र. पौल कैदेत आहे. शेवटी नेहमीप्रमाणे सलाम कळवतो, आणि त्यात मार्क येतो. मार्क त्याच्याजवळ आहे! ज्याला डोंगरात न्यायला नकार दिला तो तुरुंगाच्या दारात उभा आहे, आणि आता तो कदाचित कलस्सैकडे जाईल. तिथले लोक त्याला ओळखत नसावेत, किंवा त्याच्याविषयी नको ते ऐकून असावेत. म्हणून पौल त्याची ओळख करून देतो, बर्णबाचा भाऊ असं सांगून. त्याच्याविषयी तुम्हाला आज्ञा मिळालीच आहे, तो तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा. या खेपेला सही पौलाची आहे, आणि हवाला बर्णबाच्या नावाचा.